बॅटरी किरायाची, हिशेब सालाचा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. माझ्या विजेच्या गाडीला पाचपैकी साडेचार. बॅटरीच्या किरायाच्या सेवेला पाचपैकी अडीच, आणि त्यातला अर्धा गुण फोनवर बोलणाऱ्या पोरींच्या गोड आवाजाला. गाडीचं आणि बॅटरी किरायानं देणाऱ्या फायनान्सवाल्याचं नाव लिहीत नाही. मला जे सांगायचं ते करारातल्या एका ओळीबद्दल आहे, आणि ती ओळ कुणाच्याही कागदात असू शकते.

मी बियाणं आणि पीकसंरक्षण औषधांच्या कंपनीत फिरतीवर आहे. राहते यवतमाळ जिल्ह्यात, नेरला. नेर, दारव्हा, दिग्रस असे तीन तालुके माझ्याकडे. मृगाच्या आधीपासून जी धावपळ सुरू होते ती नवरात्रापर्यंत थांबत नाही. कृषी केंद्रं, मेळावे, ‘तुमचं बियाणं उगवलंच नाही’ म्हणून आलेले फोन, सोयाबीनवर पिवळा मोझॅक, पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी. त्या चार महिन्यांत महिन्याला बावीसशेच्या आसपास किलोमीटर होतात. कापूस घरात यायला लागला की डीलरकडे वसुलीच्या चकरा, तेव्हा पंधराशेच्या घरात. आणि फेब्रुवारी ते मे? सातशे झाले तर पुष्कळ. त्या दिवसांत माझी गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी असते आणि तिच्यावर लिंबोण्या पडत असतात.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण पुढे कळेल.

किरायाची पद्धत थोडक्यात अशी. विजेच्या गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचा. तो हिस्सा किमतीतून काढून टाकायचा, गाडी स्वस्तात घ्यायची आणि बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे भरायचे. आपल्याकडे चारचाकीत हा प्रकार गाजला तो सप्टेंबर 2024 मध्ये, जेएसडब्ल्यू एमजीच्या विंडसर गाडीपासून. सुरुवातीचा भाव होता बॅटरीशिवाय 9.99 लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट घ्यायची तर साडेतेरा लाखांपासून पुढे. म्हणजे 38 युनिट मावणाऱ्या बॅटरीची किंमत झाली साडेतीन लाख. माझ्या गाडीचे आकडे जरा वेगळे आहेत, पण फार लांबचे नाहीत, म्हणून खालचा सगळा हिशेब याच आकड्यांवर मांडते. वाचणाऱ्यालाही पडताळून पाहता येईल.

मला ही पद्धत पटली ती एका साध्या कारणानं. माझी कंपनी मला फिरतीचा भत्ता किलोमीटरवर देते, नऊ रुपये. जुनी डिझेल गाडी अकरा वर्षं वापरली, तिचं डिझेल, ऑइल, क्लच, सगळं त्या नऊ रुपयांतच भागवलं. आता बॅटरीचं भाडंही किलोमीटरवर म्हटल्यावर मनात गणित जुळलं: हिंडले तर भत्ता येणार आणि हिंडले तरच किराया जाणार. शिवाय त्याच वर्षी मुलीला पुण्याला शिकायला पाठवलं होतं. वसतिगृह, फी, मेस. साडेतीन लाखांचं कर्ज कमी काढावं लागतंय ही गोष्ट तेव्हा फार मोठी होती. आजही ती मी छोटी म्हणणार नाही.

अमरावतीच्या शोरूममधला मुलगा चांगला होता, हुशार होता, हातात टॅब. म्हणाला, “मॅडम, पेट्रोलसारखंच समजा ना. चालवली तेवढं द्या.”

“अन् नाही चालवली तर?”

त्यानं टॅबकडे पाहिलं. “मिनिमम थोडं असते मॅडम.”

“थोडं म्हणजे?”

“पंधराशे किलोमीटर. पण तेवढी तर तुमची सहज होते न.”

“महिन्याचे पंधराशे की वर्षाचे अठरा हजार?”

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. तो आत जाऊन मॅनेजरला विचारून आला. महिन्याचे. दर महिन्याला. मी म्हटलं, वर्षाचे अठरा हजार लिहून द्या, आत्ता सही करते. मॅनेजर स्वतः बाहेर आले, चहा मागवला, आणि म्हणाले की सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही. करार मागून घेतला. इंग्रजीत, बारीक टायपात, आणि ही ओळ कुठे तर दराच्या तक्त्याखालच्या टीपेत.

संध्याकाळी घरी बाबांना सांगितलं. बाबा आता वावरात जात नाहीत, चार एकर मक्त्यानं दिलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू मळता मळता म्हणाले, “म्हंजे बटई म्हन्ते अन् मक्ता लिवून घेते.”

ज्यांना शेतीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. बटईत पिकेल त्याचा वाटा. दहा क्विंटल कापूस झाला तर दहाचा, दोन झाला तर दोनचा. पाऊस दगा देऊन गेला तर वावरवाला आणि कसणारा दोघंही बुडतात. मक्त्यात तसं नसतं. पाडव्याला एकरी रक्कम ठरली की ठरली, मग आभाळ फाटो की कोरडं राहो, ती द्यायचीच. किलोमीटरमागे किराया ही जाहिरात बटईची आहे. दर महिन्याला किमान पंधराशे किलोमीटर हे कलम मक्त्याचं आहे. आणि मक्तासुद्धा आमच्याकडे सालाचा असतो हो. दर महिन्याला मक्ता मोजून घेणारा मालक मी तरी पाहिला नाही.

तरी मी सही केली. कलम वाचून, समजून. माझ्या पैशाच्या सोयीला त्या वर्षी तेच बसत होतं.

आता आकडे. माझं साल साधारण साडेसतरा हजार किलोमीटरचं: हंगामातले चार महिने बावीसशेच्या हिशेबानं 8,800, वसुलीचे चार महिने 6,000, उन्हाळ्याचे चार 2,800. एकूण 17,600. पण किराया लागतो किती किलोमीटरचा? उन्हाळ्यातल्या चार महिन्यांचे 2,800 नाहीत, 6,000 धरतात. म्हणजे बिल होतं 20,800 किलोमीटरचं. वरचे 3,200 किलोमीटर मी चाललेच नाही, त्यांचे साडेतीननं 11,200 रुपये दरसाल जातात. किलोमीटरला साडेतीन म्हणतात तो दर माझ्यासाठी प्रत्यक्षात चार रुपये चौदा पैसे पडतो. हाच करार वर्षाच्या अठरा हजारांवर असता तर मला फक्त चारशे किलोमीटरचा भुर्दंड पडला असता, चौदाशे रुपये. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ते तेच. फरक मोजायच्या मापात.

नोकरदार शहरी माणूस रोज ठरल्या रस्त्यानं ऑफिसला जातो, त्याचा मार्च आणि जुलै सारखाच असतो. त्याला हे कलम बोचणारच नाही. पण खेड्यावरच्या कामाला हंगाम असतो. मीच काय, जिनिंगवर कापूस पाहायला फिरणारा ग्रेडर घ्या, बँडवाला घ्या, संत्र्याची बाग उक्ती घेणारा व्यापारी घ्या. यातल्या कुणाचे महिने सारखे असतात?

फायनान्सवाल्याची बाजू अगदीच खोटी नाही, तेही लिहायला हवं. बॅटरी नुसती उभी राहिली तरी म्हातारी होते, आणि आमच्याकडच्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशात तर जरा लवकरच. त्यानं साडेतीन लाख गुंतवलेत, त्याला दरमहा व्याज मोजायचंय. किमान असावं, मान्य. प्रश्न महिन्याचाच आहे.

आता मूळ प्रश्न, किराया परवडतो का. साडेतीन लाखांना साडेतीन रुपयांनी भागा: एक लाख किलोमीटर झाले की बॅटरीच्या किमतीएवढा किराया भरून झालेला असतो. पण रोख साडेतीन लाख कुणाकडे पडून असतात? कर्ज काढूनच घेणार. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता येतो सुमारे 7,350 रुपये, एकूण फेड 4 लाख 41 हजार. किमान किराया आहे 5,250. म्हणजे दरमहा एकवीसशे रुपये खिशात राहतात, असं शोरूममध्ये सांगतात आणि ते खरंही आहे. फक्त पुढचं वाक्य सांगत नाहीत. महिन्याला एकवीसशे किलोमीटर झाले की किराया आणि हप्ता बरोबरीला येतात, आणि त्याच्यावर चालवली की किराया महाग. पंधराशेच्या खाली चालवली तरी न चाललेल्याचे पैसे. म्हणजे दरमहा पंधराशे ते एकवीसशे, एवढ्याच पट्टीत ही योजना नीट बसते. तीसुद्धा पहिली पाच वर्षं. हप्तेवाल्याची बॅटरी सहाव्या वर्षी त्याची झाली, किरायावाला भरतोच आहे.

माझ्या 72,800 रुपयांच्या वार्षिक किरायानं 4 लाख 41 हजार भरायला सहा वर्षं लागतात. गाडी पाच वर्षांत बदलणाऱ्या माणसाला किराया स्वस्त. माझ्यासारखीला, जी गाडीचा पार खुळखुळा होईस्तोवर सोडत नाही, तिला महाग. आठ वर्षं ठेवली तर सुमारे एक लाख चाळीस हजारांचा फरक पडतो, तोही दर वाढला नाही असं धरून.

यात विजेचा खर्च धरलेला नाही. माझी गाडी भिंतीतल्या प्लगपासून मोजलं तर युनिटला साडेसहा किलोमीटर देते. महावितरणच्या शंभरच्या वरच्या टप्प्यात युनिट बारा रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला एक रुपया पंच्याऐंशी पैसे. त्यात खरा किराया चार रुपये चौदा पैसे मिळवा: सहा रुपये. पंधराचं ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी आमच्या भागातल्या भावानं सात रुपयांवर जाते. एक रुपयाचा फरक. ‘विजेची गाडी रुपया-दीड रुपयात पळते’ असं जो तो सांगत सुटतो, ते बॅटरी स्वतःची असली तरच. किरायात ती बॅटरीच इंधन होऊन बसते.

माझ्या घरी हा फरक आणखी वाढला तो छपरावरच्या सोलरमुळे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट बसवलं, 78 हजारांचं अनुदान मिळालं. आता गंमत बघा. पॅनेल सगळ्यात जास्त वीज कधी देतात? एप्रिल-मेमध्ये, गाडी लिंबाखाली असते तेव्हा. आणि गाडीला वीज कधी लागते? आषाढ-श्रावणात, आभाळ झाकलेलं असतं तेव्हा. उलटाच ताळमेळ. पण नेट मीटरिंगमध्ये उन्हाळ्यात जादा गेलेली युनिटं पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होतात आणि शेवटचा हिशेब आर्थिक वर्ष संपताना, मार्चअखेर होतो. म्हणजे ज्या महावितरणला आम्ही उठता-बसता शिव्या देतो, तिला माझा हंगाम कळतो. गुळगुळीत ॲपवाल्या फायनान्स कंपनीला कळत नाही.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा बिल आलं तेव्हा ॲपवर दोन आकडे शेजारी शेजारी होते: चाललेले किलोमीटर सहाशेच्या घरात, आकारलेले पंधराशे. कलम माहीत होतं तरी तो आकडा पाहताना बरं वाटलं नाही. फोन केला. पोरगी फार गोड बोलली, तक्रार नोंदवली, नंबर दिला. दोन दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.’ कुणाचं समाधान झालं ते विचारायला परत फोन केला नाही.

चार्जिंगचं थोडं सांगते, कारण खेड्यात किरायाच्या कागदापेक्षा आधी इथेच गाडं अडतं. गाडीबरोबर मिळालेला चार्जरचा डबा पहिल्या दिवशी प्लगला लावला आणि लाल दिवा लागला. लागला तो लागलाच. अमरावतीहून कंपनीचा माणूस आला, मीटर लावून पाहिलं, ‘साइट रेडी नाही’ असं लिहून निघून गेला. मग आमच्याच गल्लीतला वायरमन बोलावला. त्यानं प्लग उघडला, टेस्टर लावला आणि हसायला लागला. “ताई, अर्थिंगच नाही हाय घराले. तिसरी तार नुसतीच खोसली हाय भितीत.” घर तीस वर्षांचं, फ्रीज-कूलर सगळं बिनबोभाट चालत होतं, या डब्यानंच काय तो नकार दिला. त्यानं अंगणात कंबरेएवढा खड्डा केला, जीआय पाइप उभा केला, भोवती मीठ-कोळशाचे थर दिले, वरून पाणी ओतलं. दिवा हिरवा.

मे महिन्यात पुन्हा लाल. आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची माती सुटून जाते. वायरमननं फोनवरच सांगितलं, “खड्ड्यात दोन बकेटा पानी टाका न ताई.” टाकलं, आणि पाचेक मिनिटांत चार्जिंग सुरू. तेव्हापासून उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालते तेव्हा अर्थिंगलाही घालते. शोरूमच्या चकचकीत माहितीपत्रकात हे कुठेही सापडणार नाही. आणि लक्षात घ्या, बॅटरी त्यांची असली तरी अर्थिंगचा, जाड वायरीचा, एमसीबीचा खर्च सगळा आपला.

संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज इतकं पडतं की डबा मधूनच बंद होतो, म्हणून मी रात्री अकरानंतर लावते. पंधरा अँपिअरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला तेरा-चौदा तास जातात. रोज रिकामी होत नाही, त्यामुळे निभतं. बाहेरचे फास्ट चार्जर समृद्धीकडे आणि अमरावती-यवतमाळला आहेत. दिग्रसच्या आतल्या गावांत त्यांच्या भरवशावर जाऊ नये. समृद्धीवर ताशी एकशेवीसनं हाणली की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. आमच्या राज्य मार्गांवर खड्डेच साठच्या वर जाऊ देत नाहीत, त्याचा रेंजला फायदा होतो एवढंच समाधान.

किरायाच्या बाजूनं नेहमी दिलं जाणारं एक कारण म्हणजे बॅटरी गेली तर काय, ती भीती. पाच-सात वर्षांपूर्वी ते कारण जड होतं. आता विंडसरसारख्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. ती जरा जड असते, पण उष्णता बऱ्यापैकी सोसते आणि हजारांच्या घरात चार्जिंगची आवर्तनं काढते. एका चार्जला अडीचशे किलोमीटर आणि दीड हजार आवर्तनं धरली तरी पावणेचार लाख किलोमीटर होतात. माझ्या हिशेबानं वीस वर्षं. दरम्यान आमच्या पांदण रस्त्यांवर गाडीचे सस्पेन्शन, दरवाजे आणि माझी कंबर यांपैकी काय आधी जाईल सांगता येत नाही, पण बॅटरी जाणार नाही. शिवाय बॅटरी विकत घेणाऱ्याला आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी आता बहुतेक कंपन्या देतातच, काही मॉडेलवर पहिल्या मालकाला आजीवन हमी आहे. जी भीती दाखवून किराया खपवतात ती हमीनं आधीच उतरवलेली आहे.

बॅटऱ्यांचे भावही पडताहेत. ऊर्जेच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमबर्गएनईएफ संस्थेच्या पाहणीप्रमाणे 2010 साली एका किलोवॅट-तासाच्या, म्हणजे एका युनिटाच्या, पॅकला हजार डॉलरच्या वर पडायचे, 2024 मध्ये सरासरी 115. आज पाच वर्षांचा दर बांधून घेणं म्हणजे आजच्या भावाचा किराया पाच वर्षं देणं. चीनमध्ये विजेच्या गाड्या बनवणाऱ्या निओ कंपनीनं ऑगस्ट 2020 मध्ये ही पद्धत आणली तेव्हा 70 युनिटांच्या बॅटरीला महिन्याला 980 युआन होते, बदल्यात गाडी 70 हजार युआननं स्वस्त. 2024 च्या मार्चमध्ये त्यांनी किरायाचे दर चांगलेच खाली आणले. आपल्या करारात दर वाढवायचं कलम असतं, कमी करायचं असतं का, ते शोधून पाहा. माझ्यात नाही.

पण निओची गोष्ट मुळातच वेगळी आहे. तिथे स्टेशनवर जाऊन काही मिनिटांत बॅटरी बदलून मिळते. बॅटरी आपली नाही याचा तिथे फायदा असतो: आज लहान घ्या, लांबच्या प्रवासाला मोठी घ्या. माझी बॅटरी गाडीच्या पोटाखाली बोल्टांनी आवळलेली आहे. ती बदलून मिळत नाही, मोठी मिळत नाही, परत देता येत नाही. किरायाच्या घराची एकच चैन असते, नाही पटलं तर सामान उचलून दुसरीकडे जायचं. ती इथे नाही. बदलत्या बॅटरीचा डाव इस्रायलच्या बेटर प्लेस कंपनीनंही मांडला होता, 2007 साली, आणि 2013 मध्ये ती बुडाली. स्टेशनं उभी राहिली, गाड्या पुरेशा विकल्या गेल्या नाहीत.

बिनबदलीच्या किरायाचा जुना अनुभव युरोपात रेनॉच्या झोई गाडीचा आहे. ती 2012-13 पासून किरायाच्या बॅटरीवर विकली. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिची पंचाईत झाली, कारण गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बॅटरीचा करारही डोक्यावर घ्यावा लागायचा. लोक ‘बॅटरीसकट आहे का’ हे आधी विचारायचे. त्या करारात आणखी एक कलम गाजलं होतं: किराया थकला तर बॅटरीचं चार्जिंग दुरून बंद करायचा हक्क कंपनीकडे. पुढे रेनॉनं किरायाची पद्धत सोडून दिली. माझ्या करारात शब्द जरा सौम्य आहेत, ‘सेवा खंडित करणे’. दिग्रसच्या पुढे एखाद्या फाट्यावर रात्री आठला सेवा खंडित झाली तर काय, हा विचार करून मी किरायाची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाला बांधून घेतली आहे.

जुनी गाडी विकायचा आमच्याकडचा बाजार म्हणजे आठवडी बाजारातली ओळखपाळख आणि यवतमाळचे दोन-चार दलाल. एका दलालाला सहज विचारलं. तो म्हणाला, “गाडी तुमची, बॅटरी त्याची, कर्ज दोघायचं. मले कागद कोनाचा भेटीन ताई?” खरं आहे. कागदोपत्री बॅटरीचा किरायाही कर्जच असतो. गाडीचं कर्ज एकीकडे, बॅटरीचं दुसरीकडे, दोन्हींच्या एनओसी आल्याशिवाय आरसी हलत नाही. सिबिलवरही दोन नोंदी दिसतात. त्यामुळे नंतर मुलीसाठी शैक्षणिक कर्ज काढायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांना बॅटरीचं कर्ज म्हणजे काय हे समजावण्यात माझी अर्धी सकाळ गेली. साहेब शेवटी म्हणाले, “इन्व्हर्टरचं का?”

करातला एक मुद्दा राहिला. बॅटरीसकट गाडीवर जीएसटी 5 टक्के, पण सुट्या बॅटरीवर 18. नीती आयोगानं 2022 मध्ये बॅटरी बदलण्याच्या धोरणाचा मसुदा काढला, त्यातही ही तफावत कमी करायची गोष्ट होती. तुम्हाला किलोमीटरचा जो दर सांगतील त्यात कर धरलाय की वर लागणार, हे लेखी घ्या. तोंडी ‘सगळं आलं त्यात’ असंच म्हणतात. तसंच विम्याचं. अपघातात बॅटरी फुटली तर विम्याचे पैसे फायनान्सवाल्याकडे जाणार आणि उरलेला किराया माफ होणार की नाही, हे कलम मला तीनदा वाचूनही एका अर्थाचं वाटलं नाही, म्हणून मी ईमेलवर उत्तर मागितलं. आलं, महिनाभरानं, आणि ठीक आलं. ते छापून फाईलला लावून ठेवलंय.

मग साडेचार कशाला दिले गाडीला? कारण ती खरंच छान आहे. दारव्ह्याच्या घाटात दम लागत नाही, एसी पहिल्या मिनिटाला गार, दिवसभर फिरून आलं तरी डोकं दुखत नाही. कृषी केंद्रापुढे उभी केली की शेतकरी आधी गाडीभोवती चक्कर मारतात, मग बियाण्याचं बोलतात. डिझेलच्या गाडीला दर हंगामानंतर गॅरेजमध्ये जे पैसे जायचे ते आता टायर आणि वायपर एवढ्यावर आले आहेत. अर्धा गुण कापला तो जमिनीपासूनच्या उंचीसाठी. पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकोरीत पोट घासतं, आणि पोटाला बॅटरी आहे, तीही दुसऱ्याची.

कुणी विचारलं तर मी असं सांगते. नोकरी पक्की असेल, बँक कर्ज देत असेल, गाडी सात-आठ वर्षं ठेवायची असेल, तर बॅटरी विकतच घ्या, थोडा हप्ता जास्त गेला तरी. हातात पैसा अडकलेला असेल आणि महिन्याची फिरती वर्षभर सारखी असेल तर किराया घ्या. लहान गाडी घेऊन गावातल्या गावात महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्यानं किरायाच्या वाटेलाच जाऊ नये. आमच्या शेजारचे गुरुजी निवृत्त झालेत, त्यांना खरेदीची किंमत कमी दिसली म्हणून ते निघाले होते. त्यांच्या पाचशे किलोमीटरला साडेतीनचा दर साडेदहा रुपये पडला असता. कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी स्वतःच भागाकार पुन्हा करून पाहिला आणि सध्या स्कूटरच बरी म्हणाले.

मी स्वतः या दिवाळीनंतर बॅटरी सोडवून घ्यायचा विचार करते आहे. फायनान्सवाल्याकडे एकरकमी फेडीचा आकडा लेखी मागितलाय. वर्षाच्या अठरा हजारांचा करार करून द्यायला तयार असाल तर थांबते, असंही त्याच ईमेलमध्ये लिहिलंय. उत्तरात पुन्हा एक तक्रार क्रमांक आला आहे.